डावीकडचा स्पीकर

अक्का, तुम्ही गेल्याला सव्वीस दिवस झाले आणि या सव्वीस दिवसांत डावीकडचा स्पीकर एकदाही आपोआप पुढे आलेला नाही. मी रोज सकाळी बघते. टेबलावर पेन्सिलीने केलेल्या खुणेवर मी ठेवते तसाच तो उभा असतो. तुम्ही होतात तेव्हा आठवड्यातून चार वेळा तो वीतभर पुढे आलेला असायचा, आणि विचारलं की तुम्ही म्हणायच्या, "मांजर." आपल्या बाहेरच्या खोलीत मांजर येत नाही, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

भेटायला येणारे सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. शाळेत शिकवत होत्या तेव्हाही किती शांत होत्या, किती सरळ होत्या. धाकट्या जावेने मान हलवायची असते, मी हलवते. पण सरळ या शब्दापाशी माझी मान अडते. तुमच्याशी एक भांडण राहून गेलं आहे, आणि ते मला पाहुण्यांसमोर काढता येत नव्हतं. म्हणून आज ऑफिसच्या खोलीचं दार लावून लिहायला बसले.

कारण फाइल द्यायची आहे. कॉलेजच्या सरांनी दिलेल्या चाळीस मुलाखती, जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या, त्यांनी मोबाइलवर घेतलेल्या. तुम्ही ऐकून वहीत उतरवायच्या, दुपारी वाचून दाखवायच्या, मी टाइप करायचे. वर्षभर हेच चाललं. फाइलच्या पहिल्या पानावर तुमचं नाव आहे, 'श्रवण आणि लेखन'. खाली माझं, 'टंकलेखन'. सर त्याचं पुस्तक करणार आहेत. पुढच्या आठवड्यात फाइल गेली पाहिजे, आणि तीत लिहिलेलं सगळं खरं आहे का, याची मला खात्री वाटत नव्हती. तुमच्यावर संशय घ्यायची सवय मला या घरात आल्यापासूनची. तुम्ही गेल्यावर ती सुटेल असं वाटलं होतं.

सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला माहीत आहे ते पण सांगते, कारण माझ्या बाजूने ते कसं दिसत होतं हे तुम्हाला कधी ऐकवलं नाही.

जुने स्पीकर खरखर करायला लागले तेव्हा मी आधी हेडफोन सुचवला होता. स्वस्त पडतो, जागा लागत नाही, मला माझ्या टेबलावर प्रतिज्ञापत्रं टाइप करताना त्रास होत नाही. तुम्ही म्हणालात, "कानाला झाकण नको गं. गुदमरतं." कान कसा गुदमरतो, हे मी विचारलं. तुम्ही चहा ठेवायला गेलात. मी वहीत लिहिलं: हेडफोनला नकार, कारण पटत नाही.

मग स्पीकर. मी आठ दिवस बसून यादी केली. टेबलाची रुंदी मोजली, कीबोर्ड आणि भिंत यांच्यामधली जागा मोजली, दोन्ही बाजूला तांब्याएवढी वस्तू मावेल असं ठरवलं. मोबाइलवर लोकांची मतं वाचली. एका स्पीकरला दीडशे लोकांनी पाच तारे दिले होते आणि त्यातल्या चाळीस जणांनी 'अप्रतिम आवाज, घरच्यांना आवडला' हेच वाक्य लिहिलं होतं, एकाच आठवड्यात. चाळीस घरं एकाच आठवड्यात एकसारखी खूश झाली, यावर माझा विश्वास बसला नाही. तो स्पीकर मी यादीतून काढला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझी यादी पाहिलीत.

"सुनंदा, ही यादी बघून स्पीकर पळून जाईल."

"जाऊ द्या. जो पळत नाही तो घेऊ."

दुकानात त्या दिवशी गर्दी नव्हती. दुकानदाराने एक मोठा डबा आणि दोन छोटे असा संच काउंटरवर मांडला. त्या मोठ्या डब्यात नुसता ढम्म असा खालचा आवाज असतो, हे मी वाचून गेले होते. त्याने लग्नातलं गाणं लावलं. काउंटरवरची काच थरथरली.

"वहिनी, हा न्या. चार हजार वॅट. भिंत हलती."

"भिंत कशाला हलवायची?" तुम्ही म्हणालात. "आमची स्वतःची हाय, भाड्याची न्हाय."

मी खोका उलटा करून वाचत होते. मी म्हटलं, "आमच्या घरचा गीझर दोन हजाराचा आहे. तो लावला की मीटर पळतं. हा डबा एवढ्याशा वायरवर चालतो आणि चार हजार?"

"तसं छापत्यात हो मॅडम."

"खरे किती?"

त्याने तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खरे व्हय? दहा धरा. लई झालं तर पंधरा."

तुम्ही हसलात, मी नाही. जो खोक्यावर चार हजार छापतो त्याने आत काय भरलं असेल, हाच विचार माझ्या डोक्यात होता. पण त्याने निदान विचारल्यावर तरी खरं सांगितलं, म्हणून आपण तिथेच थांबलो.

मग तुम्ही पर्समधून पेन ड्राइव्ह काढलात. हे आपलं ठरलेलं नव्हतं. त्यात तुम्ही आपल्या मुलाखतींचे तीन तुकडे भरून आणले होते. "गाणं सगळ्याच डब्यात छान वाजतं," तुम्ही त्याला म्हणालात. "गाणं करणारानं ते छान करूनच दिलेलं असतं. हे लावा." आयुष्यभर भांड्यांच्या दुकानात बोटाची टिचकी मारून पातेली निवडलेली बाई तुम्ही, स्पीकरलाही तुमची टिचकी तयार होती. मला मनातून कौतुक वाटलं होतं. बोलले नाही. आता सांगते, यादीत माझ्याकडे सतरा मुद्दे होते आणि हा नव्हता.

पहिला तुकडा तेरखेड्याच्या म्हाताऱ्याचा, फटाक्याच्या कामावरचा. तो बोलत असताना मागे कुणीतरी एक फटाका वाजवून बघतं. मोठ्या डब्याच्या संचावर तो फटाका असा फुटला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला, आणि म्हाताऱ्याचं पुढचं वाक्य त्यात वाहून गेलं. दुसरा ढोकीच्या बाईचा, ऊसतोडीच्या आठवणी. मागून ट्रॅक्टर जातो. तुम्ही म्हणालात, "ट्रॅक्टर लई सुरेख ऐकू येतोय. बाई कुठं गेली?" दुकानदार स्वतःच तो संच उचलून आत घेऊन गेला.

मग त्याने वरच्या फळीवरून ते दोन काळे स्पीकर काढले. नुसती जोडी, वेगळा डबा नाही, पुढे कापडाची जाळी, हातात घेतल्यावर वजनदार. किंमत जास्त होती आणि खोक्यावर वॅटचा आकडा लहान. मला लहान आकड्यामुळेच जरा विश्वास वाटला. आवाज अगदी कमी ठेवून लावायला सांगितलं, कारण मोठ्या आवाजात सगळंच भरल्यासारखं वाटतं, हे मला कळलं होतं. ट्रॅक्टर मागे गेला, बाई पुढे आली. आणि तिसरा तुकडा लागला, सीमेवरच्या गावातल्या नागव्वांचा, कानडीतला, तुमच्या माहेरच्या भाषेतला. त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि शेजारी पिठाची गिरणी चालू आहे. जुन्या स्पीकरवर तर काहीच कळत नव्हतं.

तुम्ही दोन्ही स्पीकरच्या मधोमध स्टुलावर बसला होतात. तुमची नजर स्पीकरकडे नव्हती. माझ्याकडे होती. तेव्हा मला वाटलं, मी किंमत बघून काय तोंड करते ते बघताहेत. मला कानडी येत नाही, पण एक शब्द ओळखीचा वाटला आणि मी म्हणून गेले, "बावी म्हणतात का हो? विहीर?"

"हेच घ्या," तुम्ही म्हणालात. ताबडतोब. इतक्या ताबडतोब की मला संशय आला, तुमचं आधीच ठरलं होतं आणि मला नुसतं नावाला आणलं होतं.

घरी आल्यावर मी ते बसवले. भिंतीपासून वीतभर पुढे, कानाच्या उंचीला येतील अशी खाली दोन जाड पुस्तकं, तोंडं किंचित आत वळलेली. शिवणाच्या टेपने मोजून दोन्ही स्पीकर तुमच्या खुर्चीपासून सारख्या अंतरावर. खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी डावा पुढे. मी मागे सरकवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. मी झाडणाऱ्या मावशींना विचारलं, ह्यांना विचारलं. ह्यांनी सांगितलं, "मला त्या खोलीत पाय ठेवायची परवानगी तरी आहे का?" मी तुम्हाला विचारलं आणि मांजर ऐकलं. मला वाटलं, ही मोठी जाऊ आहे आणि धाकटीने केलेली खूण पाळायची नाही, एवढंच हिचं म्हणणं आहे. पंचवीस वर्षांत असं तुम्ही काही केलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. उलट, टायपिंगचा बोर्ड घराला लावायला सासूबाईंचा विरोध होता तेव्हा तुम्हीच म्हणालात, "बाहेरची खिडकी रस्त्याकडंच हाय. बोर्ड न्हाय लावला तर ती कशाला उघडी ठेवायची?" आणि हातोडी आणून दिलीत. पण संशयाला एकदा बसायला जागा मिळाली की तो जुन्या उपकारांना उठवून बसतो.

त्यात तुमचे सोमवार. "मठात जाऊन येते." सकाळी सातला निघायचं, संध्याकाळी पाचला परत. मठ आपल्या घरापासून चालत दहा मिनिटं. पहिल्या सोमवारी मी फक्त वेळ लिहून ठेवली. दुसऱ्या सोमवारी पिशवीतून पापडासारख्या कडक ज्वारीच्या भाकऱ्या निघाल्या.

"मठात कडक भाकरी प्रसाद म्हणून कधीपासून द्यायला लागले?"

"एका भक्तीणबाईनं दिल्या."

"एवढ्या?"

"तिला आग्रह लई करायची सवय."

मी भाकरी खाल्ली आणि वहीत तारीख लिहिली. चार सोमवार माझ्याकडे लिहिलेले आहेत. मला काय काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, तुम्ही माहेरच्या जमिनीचं काही परस्पर बघताय. मला वाटलं, सरांशी वेगळं काम ठरवलंय आणि मला बाजूला काढणार आहात. एकदा वाटलं, दवाखाना. ते मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर विचारावं लागलं असतं.

तुम्ही गेल्यावर सरांचा फोन आला. घाई नाही म्हणाले, म्हणजे घाई होती. मी ठरवलं, देण्याआधी चाळीसच्या चाळीस ऐकून ताडून बघायच्या. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. तुमच्या खुर्चीत बसले, स्पीकर खुणेवर, तुमची वही उघडी. जिथे ऐकू आलं नाही तिथे तुम्ही कंसात 'अस्पष्ट' लिहायच्या. अशा तेवीस जागा निघाल्या. त्यातल्या नऊ जागी मला साधं सरळ मराठी स्वच्छ ऐकू आलं.

स्वच्छ म्हणजे, अक्का, ढोकीची बाई म्हणते, "कोयता धाकट्या जावंला दिला आन् मी मोळी बांधली." तुम्ही लिहिलंय, 'अस्पष्ट'.

मला तो सारखा पुढे येणारा डावा स्पीकर आठवला. मग डाव्या कानात कापसाचा बोळा घातला आणि पुन्हा लावलं. उजव्या बाजूनेच आवाज येत होता, डावीकडे नुसती भिंत. हात आपोआप डाव्या स्पीकरकडे गेला आणि मी तो पुढे ओढला. पेन्सिलीच्या खुणेपासून वीतभर. बरोबर तुम्ही ओढायच्या तेवढा.

दुकानात तुम्ही माझ्याकडे का बघत होता, ते मला तेव्हा कळलं. तुम्हाला स्पीकर ऐकू येत नव्हते, निदान पुरते नव्हते. तुम्ही मला ऐकू येतंय का ते बघत होतात. आणि हेडफोन लावला असता तर दुसऱ्या मिनिटाला तुम्ही डावी बाजू तपासली असती, वायर हलवली असती, मला कळलं असतं.

हे कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं. आधी राग आला. कान गेला तर गेला, वयाचं असतं, पण चाळीस माणसांचं बोलणं आपल्या हातात असताना? आणि त्या रागातच मी एकतिसावी मुलाखत लावली. नागव्वा.

तिथे उलटं होतं. गिरणीच्या आवाजात नागव्वा दीड मिनिट पुटपुटतात. मला 'बावी' सोडून एक शब्द कळत नाही. आणि तुमच्या वहीत त्या जागी कानडीत अकरा ओळी, खाली मराठी अर्थासह, एकही 'अस्पष्ट' नाही. मी कितीतरी वेळा ऐकलं. तुमच्या त्या ओळी अशा: दुष्काळात विहीर आटली की गावच्या बायका सगळ्यात लहान पोरीला टोपलीत बसवून दोराने खाली सोडायच्या. ती नारळाच्या करवंटीने खडकातलं पाणी खरवडून घागरीत भरायची. नागव्वा ती पोर होती. खाली अंधार. वरच्यांना पोर दिसायची नाही. 'मी रडत राहायचे, रडणं थांबलं की वर ओढायचं, असं ठरलं होतं.'

सुंदर ओळी होत्या. त्यामुळेच मला वाटलं, तुम्ही त्या मनाने लिहिल्या. साधं मराठी जिला ऐकू आलं नाही तिला ही कानडी कशी ऐकू आली? आणि एक जागा मनाने भरली असेल तर बाकीच्या एकोणचाळीस मुलाखतींवर कुणी का विश्वास ठेवायचा? तुमच्या बहिणीलाही कानडी येते, पण ती तुमची बाजू घेईल. सरांना विचारलं असतं तर तुमचं नाव पहिल्या पानावर राहिलं नसतं. म्हणून मी लॅपटॉप आणि ते दोन स्पीकर टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले आणि उमरग्याची एसटी धरली. वजनाचा त्रास झाला, पण मोबाइलवर ऐकवून मला कुणाचा होकार नको होता.

उमरग्यापासून पुढे रिक्षा. नागव्वा ओट्यावर बसल्या होत्या, कपाळाला विभूती, नव्वदीच्या घरातल्या. मी कुणाची कोण ते सांगितलं. त्यांची सून महादेवी बाहेर आली आणि पिशवीकडे बघून म्हणाली, "काय विकायचं न्हाय ना? मागं एक मिक्सरवाला येऊन गेला, अजून बंदच हाय."

मी ओट्यावरच स्पीकर मांडले. गिरणी शेजारी होती, तीच, पण त्या वेळी वीज नव्हती, त्यामुळे ती बंद होती आणि स्पीकर लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतील तेवढ्याच आवाजात लावले. नागव्वांचा आवाज आला तशा त्या हसल्या. "माझ्यापेक्षा हीच बरी बोलती की." मी महादेवीला त्या दीड मिनिटावर आणलं. ती स्पीकरजवळ कान नेऊन, डोळे मिटून ऐकत राहिली. तीनदा लावलं.

"बावी म्हणतात. टोपली म्हणतात. आन् हाडू... गाणं. खाली बसून गाणं म्हणत हुते, असं म्हणतात."

"रडत होते, असं नाही?"

"न्हाय. गाणंच."

अक्का, मी तिथे जिंकले. तुम्ही गाण्याचं रडणं केलं होतं. मी वही काढून लिहिणार, तेवढ्यात नागव्वांनी सुनेला विचारलं ही बाई काय विचारती, आणि सुनेने सांगितल्यावर त्या माझ्याशी त्यांच्या मोडक्या मराठीत बोलायला लागल्या.

"सरांनी इचारलं, म्हातारे, भ्या वाटलं न्हाय का? सर पोरगा हाय, परका. त्येला काय सांगू रडत हुते म्हणून? गाणं म्हणले, असं सांगितलं. मग ती बाई आली. तुमची अक्का. चार बार आली."

"सोमवारी?"

"वार कुणाला ठाव. पयल्या दिवशी म्या काय बोलले न्हाय. भाकरी दिली, जा म्हणले. दुसऱ्या दिवशी बी तसंच. तिसऱ्या दिवशी ती म्हणली, अव्वा, माझा डावा कान गेला. उजवा बी चालला. मास्तरीण हुते, पोरं पाठीमागं काय बोलत्यात ते बी ऐकायची. आता न्हाय ऐकू येत. तुमी माझ्या ह्या कानात सांगा." नागव्वांनी स्वतःच्या उजव्या कानाला हात लावून दाखवला. "तिनं तिचं खरं सांगितलं. मग चवथ्या बारीला म्या माझं खरं सांगितलं. रडत हुते. लई रडत हुते. एवढंच."

महादेवी सासूकडे बघत होती. तिलाही हे माहीत नव्हतं. ती इतकंच म्हणाली, "अत्त्या, आमाला तर नेहमी गाणंच सांगितलं तुमी."

मी विचारलं, "अक्का इथे सांगून गेल्या, मग घरी का नाही सांगितलं?" प्रश्न नागव्वांना नव्हता, तोंडातून निघाला. पण त्यांनी उत्तर दिलं.

"म्या बी इचारलं, घरात कोण न्हाय का तुला? म्हणली, धाकटी हाय. गुणाची हाय. पण तिला सांगितलं तर ती वहीत लिवल, आन् लिवलं की ते झालं."

तुमच्या भाकऱ्यांसारख्या दहा भाकऱ्या मलाही बांधून मिळाल्या. मी नको म्हटलं नाही.

परतीच्या गाडीत मी तुमच्याशी भांडत आले. आता ते भांडण इथे लिहून ठेवते, कारण त्याचा निकाल लागलेला नाही. माझं म्हणणं असं: चार वेळा गेलात, खरं काढून आणलंत, मान्य. पण फाइल मुलाखतीची आहे. मुलाखतीत नागव्वा गाणं म्हणाल्या. त्या जागी रडणं लिहायचा तुम्हाला अधिकार नव्हता, ते कितीही खरं असलं तरी. तुम्ही म्हणाल, मला गाणं ऐकूच आलं नव्हतं, मला जे सांगितलं ते मी लिहिलं. मी म्हणेन, मग तसं लिहायचं, 'अस्पष्ट, नंतर भेटून विचारलं'. तुम्ही म्हणाल, का भेटलात असं कुणी विचारलं तर? आणि इथे, अक्का, भांडण माझ्यावरच उलटतं. कारण विचारणारी मीच असते. मी कारण विचारलं असतं, तारखेसह लिहिलं असतं, सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली असती, मशीनची यादी केली असती, चार हजार वॅटसारखं त्यातलं काय खोटं ते शोधलं असतं. सगळं बरोबर केलं असतं. आणि त्या दिवसापासून तुम्ही या घरात ऐकू न येणारी बाई झाल्या असता, कारण माझ्या वहीत तसं असतं.

निघताना मी नागव्वांना विचारलं होतं, काय छापू, गाणं की रडणं? त्या म्हणाल्या, "दोन्ही लिव. दोन्ही मीच बोलले की."

म्हणून दोन्ही टाइप केलं आहे. आधी गाणं, महादेवीने ऐकून सांगितलं तसं. खाली तुमच्या अकरा ओळी, एक शब्द न बदलता. ज्या नऊ जागा मला ऐकू आल्या त्या भरल्या आहेत आणि त्या मी भरल्या असं लिहिलं आहे. पहिल्या पानावर तुमचं नाव तसंच आहे, 'श्रवण आणि लेखन'. त्या शब्दावरून मी पुष्कळ विचार केला. खोलीत बसून ऐकू येईना तेव्हा जी बाई एसटीने जाऊन कान पुढे करते, तिच्या कामाला दुसरा शब्द मला सापडला नाही.

आता फक्त एकतिसाव्या मुलाखतीखालची टीप राहिली. ती मी सकाळपासून लिहिते आहे. तुमचा कान त्यात आणावा की नाही, यावर दोन तास गेले. शेवटी आणला. नागव्वांनी रडणं छापायला दिलं आणि तुमचा कान मी लपवला, तर त्या अकरा ओळी कशा मिळाल्या ते कुणालाच कळणार नाही आणि उद्या माझ्यासारखंच कुणीतरी म्हणेल की बाईंनी मनाने लिहिल्या. तुम्हाला आवडणार नाही. भांडायला या.

टीप अशी आहे: 'हा भाग ऐकून लिहिणाऱ्या बाईंना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. म्हणून त्या चार वेळा बोलणाऱ्या बाईंच्या घरी गेल्या आणि त्यांच्याकडून पुन्हा ऐकलं.' त्याखाली मी आणखी एक वाक्य टाइप केलं होतं, 'टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीला हे माहीत नव्हतं.' छापून हातात घेतलं आणि वाचलं. रोज सकाळी स्पीकर मागे सरकवणारी मी. सोमवार लिहून ठेवणारी मी. दवाखाना हा शब्द सुचल्यावर पेन खाली ठेवणारी मी.

ते वाक्य खोडलं. आता तिथे लिहिलं आहे, 'टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीने विचारलं नाही.'